गेलेली वेळ जाते कुठे?

‘वेळेचे महत्त्व’ हा निबंध ज्याने लिहिला नाही असा मराठी विद्यार्थी सापडणे कठीण. ‘गेलेली वेळ परत येत नाही’ हे वाक्य आपण सर्वांनी लिहिले आणि त्यावर गुणही मिळवले. पण ती जाते कुठे, असे एखाद्या मुलाने विचारलेच, तर ‘नसत्या चौकशा नकोत, पोर्शन राहिलाय’ असे त्याला ऐकावे लागते. माझे भांडण या उत्तराशी आहे.

म्हणे, मुलांना तत्त्वज्ञान झेपत नाही! ‘परवा’ हा साधा शब्द घ्या. ‘परवा गेलो होतो’ आणि ‘परवा जाईन’ ही दोन्ही वाक्ये पाचवीतले मूल सहज बोलते. हिंदीत तर ‘कल’सुद्धा दोन्हीकडचा. मग मागचे-पुढचे शब्दात असते, क्रियापदात, की जगात? प्रश्न मुलाच्या जिभेवर आहेच. वर्गात त्याला जागा नाही.

आपल्याकडे तो नवाही नाही. आधी, नंतर, एकाच वेळी, उशिरा, लवकर या जाणिवांवरून वैशेषिकांनी काल हे द्रव्य मानले. नागार्जुनाने ‘मूलमध्यमककारिके’त कालाच्या परीक्षेसाठी वेगळे प्रकरण लिहून त्याचे स्वतंत्र अस्तित्वच नाकारले. हा वाद आपण ‘भारतीय परंपरा’ म्हणून मिरवतो, आणि मुलांच्या हाती देतो सुविचार.

उत्तर नसलेला प्रश्न शिकवायचा कसा, असे शिक्षक विचारतात. अडचण खरी आहे, पण ती मुलांची नाही, आपली आहे. ‘मलाही ठाऊक नाही’ हे वर्गापुढे म्हणणे आपल्याला जड जाते. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली, तरी तिच्या ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई टाइम’ शहरात १९५५ पर्यंत टिकून होती. हे सांगून विचारा: घड्याळ पुढे केले तेव्हा ती ३९ मिनिटे कुठे गेली? कोणी म्हणेल, कुठेच नाही, फक्त काटे हलले. कोणी म्हणेल, मग वेळ म्हणजे काटेच का? शिक्षकाने एवढेच विचारायचे: असे तुला का वाटते?

यातून गुण वाढणार नाहीत. पण आपल्या शंकेला किंमत नाही, हे मूल शाळेतच शिकते, आणि मोठेपणी सांगितलेले सगळे मान्य करते. निबंध द्यायचाच असेल, तर निदान विषय बदला. शीर्षक वर दिले आहे.