पोलीस ठाण्यातील सर्वनाम

आमच्या महाविद्यालयात सकाळी साडेसातचा मराठीचा तास निम्म्याहून अधिक रिकामा असतो. मुले त्या वेळी मैदानावर असतात. पोलीस भरतीसाठी मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, गोळा फेकावा लागतो, आणि ही तयारी ऊन चढण्यापूर्वी उरकावी लागते. नऊच्या सुमारास हीच मुले घामेजल्या अंगाने विभागात येतात आणि व्याकरणाच्या शंका विचारतात. कारण शिपाई पदाच्या १०० गुणांच्या लेखी परीक्षेत अंकगणित, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमत्ता चाचणी यांच्या जोडीला मराठी व्याकरणही असते. संधी, समास, प्रयोग, सर्वनामांचे प्रकार हे सारे आम्ही दोघे त्यांच्याकडून घोटून घेतो. आमच्या विभागाने साहित्याचे संशोधक जितके घडवले त्याहून पोलीस शिपाई अधिक घडवले, हे प्रांजळपणे कबूल करायला हवे.

हे सांगण्यास गेल्या वर्षीची एक घटना कारण झाली. एकांकिका स्पर्धेची तालीम आटोपून आमचा द्वितीय वर्षाचा एक विद्यार्थी रात्री साडेअकराच्या सुमारास आपल्या खोलीकडे चालला होता. नाक्यावरील पोलिसांनी त्याला हटकले. "काय रे, कुठं निघाला? नाव काय तुझं? आडनाव सांग आधी." मुलगा गांगरला. तालमीत पानपानभर संवाद न अडखळता म्हणणाऱ्या या मुलाला स्वतःचा पत्ता धड सांगता येईना. ओळखपत्र खोलीवर राहिले होते. पुन्हा दरडावून विचारल्यावर तो मान खाली घालून उभा राहिला. 'काहीतरी लपवतोय' असा त्याचा अर्थ लावला गेला, एक थप्पड बसली, आणि पुढचे दोन तास त्याने ठाण्यातील बाकावर काढले. मध्यरात्रीनंतर आमच्यापैकी एकाला फोन आला आणि प्रकरण मिटले. गुन्हा दाखल झाला नाही. मात्र त्यानंतर तीन आठवडे तो तासाला फिरकला नाही आणि त्या एकांकिकेतही उभा राहिला नाही.

नाक्यावर प्रश्न विचारणारा शिपाई आमचाच सहा वर्षांपूर्वीचा विद्यार्थी निघाला. दुसऱ्या दिवशी तो आपणहून भेटायला आला. "सर, मॅडम, तुमचा विद्यार्थी आहे हे माहीत असतं तर..." एवढे बोलून तो थांबला. ते वाक्य पूर्ण झाले असते तर आम्हांला अधिक वाईट वाटले असते. थोड्या वेळाने तो म्हणाला, "प्रशिक्षणात उभं कसं राहायचं ते शिकवलं, सॅल्यूट शिकवला, कलमं पाठ करून घेतली. रात्री एखादा पोरगा समोर आला तर त्याच्याशी पहिलं वाक्य काय बोलायचं, ते कोणी नाही शिकवलं."

आम्हीही शिकवले नव्हते. द्वितीय पुरुषवाचक सर्वनामे कोणती, एवढे मात्र शिकवले होते.

तरुणांशी कसे वागावे याचे प्रशिक्षण पोलिसांना द्यावे, ही मागणी अधूनमधून होत असते. तिच्याकडे बहुधा समुपदेशनाचा किंवा फार तर मानवी हक्कांचा विषय म्हणून पाहिले जाते. आमच्या मते हा प्रश्न बव्हंशी भाषेच्या वापराचा आहे, आणि म्हणून तो मराठीच्या अध्यापकांचाही आहे.

कायदा करणाऱ्यांना भाषेचे हे महत्त्व उमगलेले दिसते. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ याच्या तिसऱ्या कलमात जी मूलतत्त्वे सांगितली आहेत, त्यांतील एक तत्त्व केवळ शब्दांविषयी आहे. मुलांसंबंधीच्या कार्यवाहीत आरोपाचा सूर असलेली, कलंक लावणारी शब्दयोजना करू नये, असे ते सांगते. त्याच अधिनियमाच्या १०७ व्या कलमानुसार प्रत्येक पोलीस ठाण्यात किमान सहायक उपनिरीक्षक दर्जाचा एक बालकल्याण पोलीस अधिकारी असावा लागतो, आणि त्याच्या अंगी या कामाची आवड व योग्य प्रशिक्षण असावे अशी अपेक्षा तेथे स्पष्ट शब्दांत नोंदवली आहे. मुलाला कोठडीत ठेवता येत नाही. २०१६ च्या नमुना नियमांप्रमाणे त्याला बेडी घालता येत नाही आणि त्याच्याशी बोलणाऱ्या पोलिसाने शक्यतो साध्या वेशात असावे लागते. 'बालगुन्हेगार' हा शब्द मागे पडून 'विधिसंघर्षग्रस्त बालक' हा शब्द आला तो याच विचारातून.

परंतु शब्द असा सहजासहजी सुधारत नाही. बोलण्यात आणि बातम्यांत त्याचे 'विधिसंघर्षित' असे सुटसुटीत नाम झाले, आणि 'दोन विधिसंघर्षित ताब्यात' हे वाक्य 'दोन बालगुन्हेगार ताब्यात' याच सुरात म्हटले जाऊ लागले. कायद्याने नाम बदलले. सर्वनाम तेच राहिले. शिवाय हे सारे संरक्षण अठराव्या वाढदिवसापर्यंतचे आहे. आमचा विद्यार्थी एकोणीस वर्षांचा होता. कायद्याच्या लेखी तो प्रौढ होता आणि नाक्यावर 'पोरगा' होता. दोन्हींपैकी एकाही नात्याने त्याच्या वाट्याला सौजन्य आले नाही.

येथे कोणी म्हणेल, मग पोलिसांनी सरसकट 'आपण' म्हणावे, म्हणजे झाले. प्रश्न इतका सोपा नाही. मराठीत आई 'तू' असते आणि देवही 'तू' असतो. आम्ही वर्गात विद्यार्थ्यांना 'तू'च म्हणतो, आणि आमचे 'तू' प्रत्येक वेळी मायेचेच असते असेही नाही. दुसरीकडे 'या साहेब, बसा, आपण फार मोठे झालात' या वाक्यात आदरार्थी बहुवचन असूनही ते थपडेइतकेच लागते. सर्वनाम कोणत्या तोंडी येते, कोणाला उद्देशून येते आणि समोरच्याला उलट तेच वापरण्याची मुभा आहे की नाही, यावर त्याचा अर्थ ठरतो. आडनाव आधी विचारण्यामागे काय असते, हेही आपल्या समाजात समजावून सांगण्याची गरज नाही.

बोलींचा विचार केला तर गुंता आणखी वाढतो. आदिवासी भागांतील काही बोलींत आदरार्थी बहुवचन प्रमाण मराठीसारखे रुळलेले नाही. तेथील एखादा तरुण पोलीस निरीक्षकाला सहजपणे 'तू' म्हणून जातो. त्याच्या मनात अनादराचा लवलेश नसतो. ऐकणाऱ्याला मात्र तो उर्मटपणा वाटतो, आणि मग त्याला 'बोलायला शिकवले' जाते. ज्या अधिकाऱ्याला बोलीभेदाची जाण नाही, तो अशा प्रसंगी अपराध नसलेल्या ठिकाणी अपराध वाचतो.

वाचण्याची ही चूक पुढे लेखनात उतरते. पोलिसी मराठीचा एक स्वतंत्र घाट आहे. 'सदर इसम संशयितरीत्या मिळून आला', 'विचारलेवरून उडवाउडवीची उत्तरे दिली' ही तिची ठरीव वाक्ये. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत संशयास्पद स्थितीत आढळणाऱ्या माणसाविषयी महाराष्ट्र पोलीस अधिनियमात १२२ वे कलम आहे. गस्तीसाठी त्याची गरज असेल. पण 'संशयास्पद' हे विशेषण कोणाला लावायचे, हे नाक्यावर उभा असलेला माणूसच ठरवत असतो. घाबरलेल्या मुलाचे अडखळणे कागदावर 'उडवाउडवी' होते. एकदा तसे लिहिले गेले की पुढे ते वाचणाऱ्या प्रत्येकाच्या लेखी मुलगा अडखळलेला नसतोच.

मौनाचे चुकीचे वाचन किती दूरवर जाऊ शकते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. आज गडचिरोली जिल्ह्यात असलेल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली एका किशोरवयीन आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड केल्याचे दिसत नाही, या आधारावर तिच्या निमूटपणाचा अर्थ संमती असा लावून पोलिसांना निर्दोष सोडण्यात आले. त्यावर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चार विधी-अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. निमूट राहणे आणि संमती देणे यांत अंतर आहे, ही त्या पत्रातील एक मुख्य गोष्ट होती. ती मांडणारे अध्यापक होते, हे आम्हांला आवर्जून नमूद करावेसे वाटते.

आता दुसरी बाजू. आमच्या त्या शिपाई विद्यार्थ्याला खलनायक ठरवून लेख संपवणे सोपे आहे, पण ते खरे होणार नाही. या संदर्भात 'अर्धसत्य' (१९८३) हा चित्रपट आठवतो. श्री. दा. पानवलकरांची कथा, तेंडुलकरांची पटकथा आणि गोविंद निहलानींचे दिग्दर्शन. त्यातील फौजदार वेलणकर लहानपणी हवालदार बापाचा हिंसाचार पाहत वाढलेला आहे, आणि अखेर त्याच्याच हातून एक किरकोळ चोरीचा संशयित कोठडीत मरतो. त्याची मैत्रीण साहित्याची प्राध्यापिका आहे. ती त्याला दिलीप चित्र्यांची कविता देते; पण ती कविता आणि ती कोठडी यांच्यामध्ये शिक्षणाचा कोणताही पूल नाही. चाळीस वर्षांनंतरही तो झालेला नाही. वरिष्ठांकडून दिवसभर 'अरे'ला सामोरा गेलेला शिपाई रात्री नाक्यावर 'आपण' कोठून आणणार? कवायतीच्या मैदानावर शिव्या खाऊन जो शिकतो तो शिव्याही शिकतो. प्रशिक्षणार्थीला आधी माणूस म्हणून वागवल्याशिवाय तरुणांशी माणुसकीने बोलण्याचे धडे त्याच्या पचनी पडणार नाहीत.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो: गोड बोलू लागलो तर धाक राहणार नाही. कोयते घेऊन गल्लीत दहशत माजवणारी पंधरा-सोळा वर्षांची मुले अलीकडे दिसू लागली असताना हा आक्षेप हसण्यावारी नेता येत नाही. परंतु अशा मुलांची खबर पोलिसांना प्रथम कोण देऊ शकते? त्याच गल्लीतील त्यांच्याच वयाची मुले. ती ठाण्याची पायरी चढायला भीत असतील, तर धाक नेमका कोणाला बसला? अमेरिकन अभ्यासक टॉम टायलर यांनी 'व्हाय पीपल ओबे द लॉ' (१९९०) या ग्रंथात दाखवले की माणसे कायदा पाळतात त्यामागे शिक्षेच्या भीतीपेक्षा आपल्याला न्याय्य रीतीने वागवले गेले, आपले ऐकून घेतले गेले, ही भावना अधिक मोलाची ठरते. ठाम बोलणे आणि हिणवून बोलणे यांतील भेद शिकता येतो आणि शिकवताही येतो.

मग शिकवावे कसे? आजवरचे उपक्रम बहुतांशी उलट दिशेने चालतात. २ जानेवारी १९६१ रोजी महाराष्ट्र पोलिसांना ध्वज प्रदान झाला, त्याच्या स्मरणार्थ दरवर्षी साजऱ्या होणाऱ्या सप्ताहात शाळकरी मुलांना ठाण्यात नेऊन शस्त्रे दाखवली जातात. २०१० मध्ये केरळने सुरू केलेली आणि २०१८ मध्ये देशपातळीवर आलेली स्टुडंट पोलीस कॅडेट योजना मुलांना शिस्त आणि कायदा शिकवते. हे चांगलेच आहे. पण यांत मुले पोलिसांसारखी व्हायला शिकतात; पोलीस मुलांना ओळखायला कधी शिकतात?

आमच्या सूचना साध्या आहेत. प्रत्येक प्रशिक्षणार्थीने निदान एकदा अडवल्या गेलेल्या मुलाची भूमिका करून पाहावी, आणि पोलिसाची भूमिका दुसऱ्याने करावी. एखाद्या तरुणाचे बोलणे ध्वनिमुद्रित करून त्यावरून जबाब लिहावा आणि मग दोन्ही शेजारी ठेवून काय गळले, काय नव्याने शिरले, ते तपासावे. ज्या जिल्ह्यात नेमणूक व्हायची तेथील बोलीचा परिचय त्या बोलीच्या तरुण भाषकांकडून करून घ्यावा. लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' (१९८७) प्रशिक्षण केंद्राच्या वाचनात असावे. गुन्हेगार म्हणून शिक्का बसलेल्या जमातीतील मुलाला घरात शिरणारा पोलीस कसा दिसतो, हे तेथे कळते. आणि हे सारे एका दिवसाच्या कार्यशाळेत, हारतुरे व छायाचित्रांसह उरकू नये. प्रशिक्षण काळात ते सातत्याने चालावे आणि नोकरीत पुन्हा पुन्हा घडावे.

यातील जवळजवळ प्रत्येक गोष्ट साहित्याच्या वर्गात आपण करतोच: निवेदकाचा आवाज ओळखणे, पात्राचे मौन वाचणे, एकच प्रसंग दुसऱ्याच्या जागेवरून सांगणे. तरीही आपल्या 'व्यावहारिक मराठी'च्या तासाला आपण जाहिरात शिकवतो, इतिवृत्त शिकवतो, निमंत्रणपत्रिका शिकवतो. जबाब कसा ऐकावा आणि कसा लिहावा, हे शिकवत नाही. पहाटे मैदानावर धावणारी मुले आपल्याच वर्गातील असताना ही उणीव क्षम्य म्हणता येणार नाही.

आमचे ते दोन विद्यार्थी अजून एकमेकांना भेटलेले नाहीत. ती भेट घडवण्याचे धैर्य आम्हांला झालेले नाही. एक बदल मात्र आम्ही केला आहे. सर्वनामांचा तास झाला की भरतीच्या मुलांना आम्ही एक प्रश्न देतो: रात्री अकरा वाजता एक अनोळखी मुलगा समोरून येतो आहे, त्याला थांबवायचे आहे, पहिले वाक्य म्हणा. पहिल्या वेळी बहुतेकांनी जे म्हटले ते येथे लिहिण्याजोगे नव्हते, आणि ते सारे नोकरी लागण्यापूर्वीच त्यांना पाठ होते. शेवटच्या बाकावरील एका मुलीने मात्र थोडा विचार करून म्हटले, "दादा, जरा थांबता का? एवढ्या रात्री एकटेच निघालात, काही अडचण आहे का?"

एवढ्याने पोलीस दल बदलत नाही, याची आम्हांला कल्पना आहे. परंतु प्रश्न विचारला गेला, ओळख पटवायची वाट मोकळी झाली, आणि कोणाची मानही खाली गेली नाही. ती मुलगी यंदाच्या भरतीत उतरणार आहे. पुढील प्रशिक्षणात तिचे हे वाक्य तिच्यापाशी टिकेल की नाही, हे आता तेथील मैदानावर ठरेल.