टाचेवरचे मणी

माहूरगडावर श्रीरेणुकेच्या दर्शनास जाणारी मंडळी पायऱ्या अनवाणी चढतात, व गर्दीच्या दिवशीं रांगेंत पुष्कळ वेळ उभी असतात. अशा वेळीं पुढील मनुष्याच्या टाचांकडे सहज दृष्टि जाते. कोणाकोणाच्या टाचेच्या कडेस, विशेषतः आंतल्या बाजूस, त्वचेच्याच रंगाचे अथवा किंचित् पिवळट असे मण्यांएवढे उंचवटे दिसतात. घरांत हे कोणाच्या नजरेस पडले कीं तर्क सुरू होतात. कोणी कुरूप म्हणतो, कोणी चामखीळ. कोणी तर महारोगाची शंका घेतो, आणि ज्याची टाच तो बिचारा पाय लपवूं लागतो.

वस्तुतः हा बहुधा रोगच नव्हे. टाचेखालीं चरबीची गादी असून तंतूंच्या पडद्यांनीं तिचे बारीक कप्पे झालेले असतात. शरीराचा भार पडला म्हणजे त्यांतील चरबी त्वचेच्या आंतील थरांतून बाहेर डोकावते. भार निघाला कीं परत जाते. शेली व रॉन्सली या अमेरिकन वैद्यांनीं १९६८ सालीं यांचें वर्णन केलें. 'दाबणें' या अर्थाच्या ग्रीक धातूवरून यांस 'पायझोजेनिक' म्हणतात. आपण 'दाबजन्य' म्हणूं.

सुश्रुतानें क्षुद्ररोगांत सांगितलेले 'कदर', म्हणजे कुरूप, व 'पाददारी', म्हणजे भेगा, हे निराळे. कुरूप कठीण असतें. पाय उचलला तरी तें जात नाहीं. परीक्षा सोपी आहे. उभें राहून टाच दुसऱ्याकडून पाहवावी, मग बसून पाय उचलावा. मणी नाहींसे झाले तर चिंता सोडावी. ते तसेच राहिले, जागा बधिर वाटली किंवा जखम झाली, तर मात्र डॉक्टरांस दाखवावें.

पात्यानें कापणें किंवा कुरुपाचें औषध लावणें सर्वथा वर्ज्य. मधुमेह असणारांनीं तर विशेष जपावें. बहुतेकांस हे मणी दुखत नाहींत. ज्यांस दुखतात त्यांनीं मऊ टाचेचें पादत्राण वापरावें, वजन बेताचें ठेवावें, आणि फार वेळ सलग उभें राहूं नये.

हा शेवटचा उपाय सांगण्यास सोपा. परंतु घरांत सर्वांत अधिक वेळ उभें कोण असतें? सणावारीं ओट्यापुढें चार चार तास उभ्या असलेल्या गृहिणी टाच दुखते म्हणून सहसा बोलत नाहींत. तेव्हां कुटुंबांतील पुरुषमंडळींनीं स्वयंपाकघरांत एक उंच स्टूल आणून ठेवावें, आणि पोळ्या लाटण्यास आपणही हात लावावा, अशी आमची सूचना आहे.