घेण्याआधी चालवून पाहावे

पोते उघडून दाणा तळहातावर घेतल्याखेरीज आपल्याकडे धान्याचा सौदा होत नाही. हिशेबाचे सॉफ्टवेअर मात्र विक्रेत्याने दहा मिनिटे पडद्यावर दाखविले की तेवढ्यावरच घेतले जाते. वास्तविक पोते परत करता येते. वर्षभराच्या नोंदी एकदा आत शिरल्या की बाहेर काढणे सोपे नसते.

विक्रेत्याचा नमुना-हिशेब सुरळीतच चालतो, कारण तो त्याच हेतूने भरलेला असतो. म्हणून दुकानात जाताना आपल्या एखाद्या गर्दीच्या दिवसाची बिले सोबत न्यावीत. त्यांत परत आलेला माल, अर्धवट वसुली, रोख सूट आणि जीएसटीचे दोन निरनिराळे दर असलेले बिल अवश्य असावे. माल डझनाने घेऊन नगाने विकत असाल, तर तोही व्यवहार घालून पाहावा. नोंदी विक्रेत्याने नव्हे, तर रोज ते काम करणाऱ्या मुनीमजींनी कराव्यात. शेवटी तेरीज वहीशी ताडून पाहावी.

टॅलीची शैक्षणिक आवृत्ती परवान्याविना वापरता येते. तिच्यात महिन्याची पहिली, दुसरी व शेवटची एवढ्याच तारखा नोंदीसाठी मिळतात. परीक्षेला तेवढे पुरते, 14 तारखेची बिले 1 तारखेवर टाकावीत; प्रत्यक्ष हिशेब मात्र तिच्यावर ठेवू नये.

कॅश क्रेडिट खाते असलेल्यांनी आणखी एक कसोटी लावावी. बँक उचलीची मर्यादा शिल्लक माल व येणी यांवरून ठरविते आणि फार जुनी येणी त्यात सहसा धरीत नाही. तेव्हा कोणाकडे किती रक्कम किती दिवसांपासून येणे आहे, हा तक्ता समोरच काढून मागावा. तो हाताने जुळवावा लागत असेल, तर दरमहा तेच कष्ट आहेत.

बॅकअप घेणे सर्वच दाखवितात. तो दुसऱ्या संगणकावर उतरवून दाखविण्यास सांगावे. जीएसटी कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून 72 महिने जपावे लागतात. वार्षिक शुल्क भरणे थांबविल्यास जुन्या नोंदी दिसतील काय, याचे उत्तर विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

पेढी प्रायव्हेट लिमिटेड असेल, तर 1 एप्रिल 2023 पासून प्रत्येक बदलाचा माग ठेवणारे आणि तो माग बंद करता न येणारे सॉफ्टवेअर सक्तीचे आहे. एका बिलातील रक्कम बदलून, तो बदल कोणी व केव्हा केला हे दिसते का, ते पाहावे. भागीदारी पेढीस ही सक्ती नाही. तथापि अनेक हात नोंदी करीत असतील, तर भावाभावांतील गैरसमज टाळण्यास ही सोय उपयोगी पडते.

एवढे करूनही पहिला महिना जुनी वही बंद करू नये. दोन्हींची तेरीज जुळली, की मगच वही मिटावी.