डायलिसिस मूत्रपिंडाचे, काळजी हृदयाची

कुंभकोणमला पाहुणा आला की त्याच्या हाती आधी पितळी पेल्यातली वाफाळती ‘डिग्री कॉफी’ येते. तंजावरच्या भोसल्यांच्या काळापासून या भागात स्थायिक झालेल्या मराठी घरांतही रीत हीच. शिवाय कावेरीकाठची केळी, शहाळ्याचे पाणी आणि जेवणात वाटीवर वाटी सांबार, रसम. निरोगी माणसाला यात काही वावगे नाही. पण घरात डायलिसिसवर असलेले कोणी असेल, तर हाच पाहुणचार त्याच्या हृदयावर बेतू शकतो.

डायलिसिसच्या रुग्णांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण हृदयविकार हे आहे. त्याची सुरुवात मात्र डायलिसिसच्या कितीतरी आधी होते. मूत्रपिंड थकले की रक्तदाब चढतो, अंगात पाणी साठते, रक्त कमी होते. हा भार ओढताना हृदयाच्या स्नायूपेशी संख्येने फारशा वाढत नाहीत, जाड होतात. त्यांना रक्त पुरवणाऱ्या केशवाहिन्या मात्र त्या प्रमाणात वाढत नाहीत. मग अर्धपोटी पेशींच्या मधे चिवट तंतू साचतात, हृदय ताठर होते, ठोके चुकू लागतात. रुग्णाला फार तर जिना चढताना धाप लागते आणि ती वयावर ढकलली जाते. इकोकार्डिओग्राममध्ये ही जाडी दिसते. तो वेळीच काढून घ्यावा.

मूत्रपिंड जे काम रात्रंदिवस करते, ते यंत्राला आठवड्यातून दोन-तीनदा, चार-चार तासांत उरकावे लागते. मधल्या दिवसांत तीन-चार किलो पाणी चढले, तर ते घाईने उपसताना रक्तदाब कोसळतो, पायांत गोळे येतात आणि हृदयाचा स्नायू तेवढा वेळ उपाशी राहतो. वारंवार असे झाले तर तो कायमचा दुबळा होतो. शहाळ्या-केळ्यांतले पोटॅशियम रक्तात साठले, तर हृदय अचानक बंदही पडू शकते.

जयप्रकाश नारायण यांची मूत्रपिंडे १९७५ साली, आणीबाणीतील स्थानबद्धतेत निकामी झाली. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांना डायलिसिसवर ठेवले गेले. जवळजवळ चार वर्षे ते यंत्राच्या आधाराने जगले. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी मधुमेह व हृदयविकाराने पाटण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्यावर उपचार करणारे डॉ. एम. के. मणी पुढे चेन्नईला गेले आणि जवळच्या खेड्यांत घरोघरी रक्तदाब व लघवी तपासण्याचे काम त्यांनी उभे केले. मूत्रपिंड आणि हृदय दोन्ही वाचवायचे, तर काम तिथूनच सुरू व्हायला हवे.

डायलिसिस सुरू झालेच असेल, तर निम्मा उपचार गृहिणीच्या हाती असतो. डॉक्टरांनी ठरवून दिलेले दिवसाचे पाणी सकाळीच बाटलीत भरून ठेवावे. कॉफी, सांबार, ताक जे काही द्याल, तेवढे पाणी बाटलीतून काढून टाकावे. रोज सकाळी वजन करून लिहावे. लोणचे, पापड दूर ठेवावेत, कारण मिठाने तहान वाढते. बाजारातले ‘कमी सोडियमचे’ मीठ तर मुळीच आणू नये. त्यात पोटॅशियम असते. कॉफी अगदीच तोडायला नको, पेला लहान घ्यावा.