पाहुणे आले की फोटो

जबलपूरच्या गढा भागात मदनमहालाजवळ एक प्रचंड शिळा दुसरीवर जेमतेम टेकलेली आहे. २२ मे १९९७च्या भूकंपातही ती ढळली नाही. फोटोचा छंद असणाऱ्याला तिचे वेड न लागले तरच नवल! रोलच्या काळात छत्तीस फोटोंवर हात थांबे. आता मोबाइलमध्ये तीनशे निघतात. मग पाहुणे आले रे आले की फोटो पुढे. ते बिचारे चहा निवेपर्यंत ‘छान, छान’ म्हणतात. घरचे केव्हाच उठून गेलेले. छंदिष्ट खट्टू होतो. पण एका फोटोच्या कडेला शेजारच्या काकू दिसल्या, की सगळे वाकून बघतात. ऊन-सावली त्याच्या आवडीची; लोक ओळखीचे चेहरे शोधतात. तेव्हा आधी भूकंपाची हकिगत सांगावी, मग तीनच फोटो दाखवावेत, त्यांत एक काकूंचा. बाकीचे, कुणी मागितले तर.