बाराव्या खेळाडूची जागा

सामना हरल्यानंतर विजयी संघातील एखाद्या खेळाडूच्या पात्रतेविषयी हरकत घेतली जावी, हा प्रकार आंतरमहाविद्यालयीन क्रीडास्पर्धांना नवा नाही. परंतु खेळाडू खरोखर महाविद्यालयाचा विद्यार्थी आहे काय, हा प्रश्न सामन्यानंतर आणि तोही प्रतिपक्षानेच विचारावा, यातच व्यवस्थेचे अपयश दिसून येते.

नियम मुळात संदिग्ध नाहीत. आंतरविद्यापीठ स्पर्धांसाठी भारतीय विद्यापीठ संघाने घातलेल्या अटींनुसार खेळाडू नियमित विद्यार्थी असावा, पूर्णवेळ नोकरीत नसावा आणि त्याचे वय साधारणतः १७ ते २५ वर्षांच्या मर्यादेत असावे. बास्केटबॉलच्या संघात नावे बाराच, आणि मैदानावर एका वेळी पाचच. म्हणजे एक उपरा खेळाडू आत आला की एक खरा विद्यार्थी हमखास बाहेर पडतो. त्याची हरकत मात्र कोणीच नोंदवीत नाही. कारण त्याला वगळणारे त्याच्याच महाविद्यालयातले असतात.

यवतमाळ जिल्ह्यात हा अन्याय अधिक बोचतो. १९८३ साली अमरावती विद्यापीठ स्थापन झाले आणि जिल्ह्यातील महाविद्यालये त्याच्याशी जोडली गेली. एका टोकाची वणी आणि दुसऱ्या टोकाचे उमरखेड अशा सोळा तालुक्यांतून येणाऱ्या खेळाडूला विद्यापीठाच्या संघापर्यंत, तेथून पश्चिम विभागीय आणि अखिल भारतीय स्पर्धेपर्यंत पोहोचण्याची पहिली पायरी म्हणजे आंतरमहाविद्यालयीन सामना. ती पायरीच दुसऱ्याने अडविली तर पुढचा मार्ग खुला असूनही निरुपयोगी ठरतो.

शिवाय प्रश्न आता केवळ करंडकाचा राहिलेला नाही. राज्य शासनाने २००५ साली गुणवान खेळाडूंसाठी नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण ठेवले. क्रीडा प्रमाणपत्राला भाकरीचे मोल आले, आणि त्याबरोबर बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणेही उजेडात आली. आज प्रमाणपत्रांची पडताळणी होते. पण ती नोकरीच्या दारात. ज्या यादीवरून कामगिरीचा दाखला जन्मास येतो, ती यादी तपासण्याची तत्परता मात्र आरंभी दिसत नाही.

कठोरपणा हवा, हे मान्य. पण तो आंधळा नसावा. प्रवेश नियमित असूनही विद्यापीठाकडील नोंदणी क्रमांक उशिरा आला, म्हणून एखाद्या खेड्यातील मुलीला ऐन सामन्याच्या दिवशी बाहेर बसविणे हे नियमपालन नव्हे. कार्यालयाच्या दिरंगाईची शिक्षा विद्यार्थ्याला आणि संगनमताची शिक्षाही विद्यार्थ्यालाच, असा न्याय चालणार नाही.

उपाय खर्चाचा नाही. बारा नावांची यादी, वर्ग व प्रवेशाच्या तारखेसह, स्पर्धेच्या पंधरा दिवस आधी महाविद्यालयाच्या फलकावर लागावी. हरकती पहिल्या सामन्यापूर्वीच ऐकून लेखी निर्णय द्यावा. आणि खोटा दाखला निघाल्यास खेळाडूबरोबरच त्यावर सही करणाऱ्या प्राचार्यांनाही जाब विचारला जावा. सर्वांच्या डोळ्यांसमोर लागलेली यादी वर्गातील मुले एका दिवसात तपासतील. कोण वर्गात बसतो आणि कोण केवळ सामन्यापुरता उगवतो, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?

अपात्र खेळाडूच्या बळावर मिळविलेला करंडक महाविद्यालयाच्या कपाटात शोभून दिसेलही. परंतु ज्या मुलाची जागा त्यासाठी गेली, त्याचे वर्ष कोणतीही चौकशी समिती परत देऊ शकत नाही.