व्याधिक्षमत्व आणि न भरणारा व्रण

त्वचेतील लँगरहॅन्स पेशी परक्या किंवा विकृत घटकांची वर्दी देतात व टी-पेशी विकृत पेशींचा नाश करतात. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांत त्वचेचा कर्करोग अनेक पटींनी वाढतो, हा या पहाऱ्याचा ढळढळीत पुरावा होय. धोतराच्या सततच्या काचाने कमरेवर होणारा कर्करोग डॉ. वसंत खानोलकर व सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये नोंदविला. पहारा एकदा भेदला गेल्यावर केवळ रसायनकल्पांवर विसंबणे घातक होय. म्हणून सहा आठवड्यांत न भरणाऱ्या व्रणावर लेप बदलत न बसता वैद्यबंधूंनी रुग्णास बायॉप्सीसाठी पाठवावे. भूम-परंड्यास बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय जवळ आहे. औषधविक्रेत्यांनीही स्टेरॉइडयुक्त मलम चिठ्ठीविना देऊ नये. दीर्घ वापराने तेही हाच पहारा दुबळा करते. साध्यासाध्यविवेक ही आपल्याच शास्त्राची आज्ञा आहे.